जुने मोटारहोम घेताना: आधी छत पाहावे, मग इंजिन

उन्हाळ्याच्या सुट्टीचे बेत आखताना अमेरिकेतील मराठी कुटुंबांत मोटारहोमचा, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या आरव्हीचा, विषय अधूनमधून निघतोच. भारतातून आई-वडील आलेले असतात, मुलांना यलोस्टोन आणि ग्रँड कॅन्यन दाखवायचे असते, प्रत्येक मुक्कामी हॉटेलच्या दोन खोल्या घेणे जड जाते आणि तिसऱ्या दिवसापासून ज्येष्ठांना वरणभाताची आठवण होऊ लागते. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि अंथरूण-पांघरूण सोबत घेऊन फिरणारे घर हा या साऱ्या अडचणींवरचा एकच तोडगा वाटतो. नव्या मोटारहोमची किंमत पाहिली की मात्र नजर आपोआप जुन्याकडे वळते. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे वाहन नव्याच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात मिळते, छायाचित्रांत ते नीटनेटके दिसते आणि मीटरवर मैलही फारसे नसतात.

सावध होण्याची वेळ हीच असते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण जुन्या मोटारहोमइतकी चपखल क्वचितच दुसऱ्या वस्तूला लागू पडत असेल. बहुतेक खरेदीदार मोटारगाडी पारखण्याच्या सवयीने इंजिन सुरू करून पाहतात, एक फेरी मारतात आणि समाधानाने सौदा करतात. प्रत्यक्षात जुन्या मोटारहोमचा जीव इंजिनात नसून त्याच्या छतात आणि भिंतींत असतो. इंजिन दुरुस्त करता येते. आतून कुजलेल्या भिंतीची दुरुस्ती मात्र अनेकदा वाहनाच्या किमतीलाही मागे टाकते.

तीन हातांनी घडलेली वस्तू

असे का होते, हे मोटारहोमच्या घडणीवरून कळते. चॅसिस, इंजिन आणि चाके फोर्डसारखी वाहनकंपनी पुरवते. त्यावर घर उभारते दुसरी कंपनी. आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटीची विनेबेगो हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. ती १९६६ पासून मोटारहोम बनवते. या घरात बसवलेले फ्रिज, शेगडी, पाणी तापवण्याचे यंत्र, वातानुकूलन आणि जनित्र तिसऱ्याच कंपन्यांचे असतात.

पहिल्या हाताचे सुटे भाग सहसा मिळतात, कारण तेच इंजिन हजारो मालवाहू गाड्यांतही धावत असते. फोर्डच्या ६.८ लिटर व्ही-१० इंजिनाच्या सुरुवातीच्या वर्षांत स्पार्क प्लगला धरून ठेवणारे आटे अपुरे असल्याने प्लग उसळून बाहेर येण्याची तक्रार प्रसिद्ध होती. तरीही नवे आटे बसवून ती दूर करण्याची पद्धत आज अनेक मेकॅनिकांना ठाऊक आहे. तिसऱ्या हाताची यंत्रेही बहुधा ठरावीक मापाची असल्याने बदलता येतात. अडचण येते ती दुसऱ्या हाताची. मंदीच्या काळात, २००९ मध्ये, फ्लीटवूड आणि मोनॅको कोच या दोन मोठ्या बांधणी कंपन्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्यांची नावे पुढे इतर मालकांकडे गेली. अशा वाहनांच्या खिडक्या, कोपऱ्यांच्या पट्ट्या, बाहेरचे साचेबद्ध तुकडे नवे मिळणे कठीण असते. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हे या उद्योगाचे माहेरघर. तिथल्या शिल्लक मालाच्या दुकानांत कधी नशीब साथ देते, पण त्या भरवशावर खरेदी करू नये. म्हणून जुने मोटारहोम घेताना वास्तविक विकत घ्यायचे असते ते कोरडे, शाबूत कवच. बाकी सारे कालांतराने बदलता येते.

वर्ग ए, बी आणि सी

बसच्या आकाराचे, सपाट तोंडाचे वाहन म्हणजे क्लास ए. ते उघड्या चॅसिसवर बांधलेले असते. पेट्रोलवरच्या अनेक गाड्यांखाली फोर्डचे एफ-५३ चॅसिस आढळते. डिझेल इंजिन मागे असलेल्या मोठ्या गाड्या दमदार असतात, परंतु त्यांची देखभाल अवजड ट्रकांच्या दराने होते. क्लास बी म्हणजे मालवाहू व्हॅनच्या पोलादी सांगाड्यातच वसवलेले छोटे घर. कारखान्यातून आलेल्या पोलादी कवचाला सांधे कमी असल्याने गळतीची भीती तुलनेने थोडी, मात्र जागा दोघांपुरती आणि जुन्या गाडीचीही किंमत चढी. क्लास सी या दोहोंच्या मधला: पुढे व्हॅनची केबिन, मागे बांधलेले घर आणि केबिनच्या डोक्यावर पलंग. मुले आणि आजी-आजोबा असलेल्या कुटुंबाला हाच प्रकार सहसा सोयीचा पडतो. तथापि केबिनवर पुढे आलेला तो पलंगाचा भाग वारा आणि पाऊस थेट अंगावर घेतो, आणि क्लास सीमध्ये ओल शिरण्याची सर्वांत कुप्रसिद्ध जागा तीच आहे.

लांबीचा विचारही आधीच करावा. माँटाना राज्यातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाच्या गोइंग-टू-द-सन रस्त्यावर, डोंगरावरच्या मुख्य टप्प्यात, २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद वाहनांना मनाई आहे. राष्ट्रीय उद्यानांतील अनेक जुनी तळस्थाने लहान गाड्यांच्या काळात आखलेली आहेत. मोठे घर सोयीचे खरे. पण ते सगळीकडे पोहोचतेच असे नाही.

पाणी कुठून शिरते, कुठे दिसते

तपासणीचा आरंभ शिडी लावून छतापासून करावा. मोटारहोमचे छत रबरी पडद्याचे, फायबरग्लासचे किंवा जुन्या गाड्यांत पत्र्याचे असते. प्रकार कोणताही असला तरी गळती सहसा मधोमध होत नाही. ती होते छिद्रांच्या कडेने. हवेचे झरोके, वातानुकूलन यंत्र, अँटेना, टाकीची वायुनलिका, मागच्या शिडीचे स्क्रू अशा प्रत्येक ठिकाणी छताला छेद दिलेला असतो आणि तो सीलंटने बुजवलेला असतो. ऊन, थंडी आणि प्रवासातील थरथर यांनी सीलंट कडक होतो आणि त्याला भेगा पडतात. कोकणात पावसाळ्याआधी छप्पर शाकारण्याची जशी रीत, तसाच नेम मोटारहोमच्या छतालाही लागतो. शेवटचे सीलंट कधी तपासले, याचे उत्तर ज्या विक्रेत्यापाशी नाही, त्याच्या वाहनात ओल असण्याची शक्यता गृहीत धरूनच पुढे जावे.

आत शिरलेले पाणी जिथून येते तिथे क्वचितच दिसते. ते भिंतीच्या पोटातून वाहत खाली उतरते आणि भलतीकडेच प्रकट होते. म्हणून वरच्या कपाटांचे कोपरे, पलंगाच्या गादीखालची फळी, न्हाणीघराच्या कडा, खिडक्यांखालचा भाग आणि दाराजवळची जमीन अंगठ्याने दाबून पाहावी. टणक लागले तर ठीक. भुसभुशीत लागले तर आतले लाकूड कुजू लागले आहे असे समजावे. बाहेरून पाहताना भिंतीवर तिरपी नजर टाकावी. फायबरग्लासच्या भिंतीवर फुगवटे किंवा लाटा दिसल्या, तर आतील पातळ प्लायवूड आणि वरचा थर एकमेकांपासून सुटले आहेत. हा दोष डागडुजीने झाकता येतो, पूर्ववत करणे मात्र अतिशय खर्चिक ठरते. काही दशक डॉलरांत मिळणारे ओल मोजण्याचे यंत्र या कामी फार उपयोगी पडते.

नाकावरही विश्वास ठेवावा. बंद वाहनाचे दार उघडताच येणारा कुबट वास खोटे बोलत नाही. त्याउलट आत सुगंधी फवारा मारलेला असेल, किंवा छताच्या एकाच कोपऱ्यात ताजा रंग दिसत असेल, तर त्यामागचे कारण विचारावे. शक्य असल्यास पावसाच्या दुसऱ्या दिवशी वाहन पाहायला जावे. ॲरिझोनासारख्या कोरड्या राज्यातील गाड्यांचे लाकूड बहुधा सुस्थितीत राहते, परंतु उन्हाने रबर आणि प्लास्टिक ठिसूळ झालेले असते. ईशान्येकडील गाड्यांना रस्त्यावरच्या मिठाने खालून गंज चढतो.

उभी राहिलेली गाडी

मोटारगाडी धावून झिजते. मोटारहोम उभे राहून झिजते. वीस वर्षांत केवळ २०,००० मैल धावलेले वाहन जाहिरातीत आकर्षक वाटते, पण याचा अर्थ ते वर्षातले बहुतेक दिवस एकाच जागी उभे होते असाच होतो. तेवढ्या काळात रबर वाळते, जुन्या पेट्रोलचा चिकट थर इंधनमार्गात बसतो, ब्रेकच्या द्रवात ओलावा शिरतो आणि उंदीर तारांचे आवरण कुरतडतात. दर महिन्याला थोडे चाललेले, देखभालीच्या पावत्या जपलेले अधिक मैलांचे वाहन अशा झोपलेल्या वाहनापेक्षा पुष्कळदा सरस ठरते.

टायरांच्या बाबतीत हा मुद्दा जिवावर बेततो. मोटारहोमच्या टायरांची नक्षी झिजण्यापूर्वीच त्यांचे आयुष्य संपलेले असते, त्यामुळे दिसण्यावर जाऊ नये. टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीचे शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नावाजलेले उत्पादकही दहा वर्षांनंतर टायर वापरू नये असे सांगतात, आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासणी आवश्यक मानली जाते. मागच्या जोडचाकांतील आतला टायर विसरू नये. पुढचा टायर महामार्गावर फुटला तर वाहन ताब्यात राहणे कठीण होते. मागचा फुटला तर त्याच्या चिंधड्या वरची जमीन, पाण्याच्या नळ्या आणि प्रसंगी गॅसची नळीही फाडून काढतात. जुने टायर असलेले वाहन घ्यायचे ठरले, तर सहा टायरांचा खर्च त्याच दिवशी किमतीत धरावा.

इंजिन पाहायचे ते थंड असताना. आपण पोहोचण्यापूर्वी गाडी सुरू करू नये असे विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावे, कारण गरम इंजिन आपले बरेच दोष लपवते. त्यानंतर किमान अर्धा तास, महामार्ग आणि चढ यांसह, वाहन चालवून पाहावे. जनित्रही भार देऊन, म्हणजे वातानुकूलन चालू करून, तपासावे.

घराची यंत्रे

मोटारहोममध्ये विजेच्या दोन व्यवस्था नांदतात. दिवे, पाण्याचा पंप आणि भट्टीचा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. वातानुकूलन आणि मायक्रोवेव्ह यांना १२० व्होल्ट लागतात. तळावरची जोडणी ३० अँपिअरची असेल तर एकूण ३,६०० वॉट मिळतात. वातानुकूलन, मायक्रोवेव्ह आणि विजेचा कुकर ही तिन्ही यंत्रे एकदम लावली की खटका पडतो, आणि त्यात वाहनाचा दोष नसतो. याहून गंभीर धोका घरी संभवतो. ३० अँपिअरचा तीन छिद्रांचा सॉकेट पाहून काही इलेक्ट्रिशियन तो कपडे वाळवण्याच्या यंत्राचा समजतात आणि २४० व्होल्टची जोडणी देतात. मग क्षणार्धात आतली यंत्रे जळतात. आरव्हीसाठी १२० व्होल्ट हवेत, हे त्यांना आधीच स्पष्ट सांगावे.

जुन्या मोटारहोमांतील फ्रिज बहुधा अमोनियाच्या शोषणावर चालतो. त्याला कॉम्प्रेसर नसतो. वीज किंवा प्रोपेनच्या उष्णतेने तो थंडावा निर्माण करतो. तो थंड व्हायला बरेच तास लागतात, म्हणून भेटीच्या आदल्या रात्रीच सुरू करून ठेवायला सांगावा. वाहन समतल नसताना चालवल्यास तो खराब होतो. त्याच्या मागच्या झडपेआड पिवळी पूड दिसली किंवा अमोनियाचा उग्र वास आला, तर शीतयंत्रणा निकामी झाली आहे.

नळजोडणीत राखाडी रंगाच्या लवचिक नळ्या दिसल्या तर त्या पॉलिब्युटिलीनच्या असण्याचा संभव असतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वापरलेला हा पदार्थ सांध्यांपाशी फुटतो. तो काढून पेक्सच्या नळ्या घालणे हातोटी असलेल्या गृहस्थालाही जमते. शिकागो किंवा मिनियापोलिससारख्या ठिकाणी हिवाळ्यापूर्वी नळ्यांत गुलाबी, प्रॉपिलीन ग्लायकॉलचे गोठणरोधक भरावे लागते; इंजिनात वापरले जाणारे इथिलीन ग्लायकॉल विषारी असल्याने ते कदापि चालत नाही. वसंतात टाकी निर्जंतुक करताना दर १५ गॅलन पाण्याला पाव कप साधे ब्लीच हे रूढ प्रमाण आहे. नंतर सारी व्यवस्था स्वच्छ पाण्याने धुवावी.

मराठी स्वयंपाकाची एक गोष्ट इथे ध्यानात घ्यावी. कुकरची वाफ आणि प्रोपेनच्या ज्वलनातून निघणारी वाफ इवल्याशा जागेत कोंडली की थंड काचांवर आणि भिंतींवर ओल धरते आणि पुढे बुरशी येते. छत न गळताही घर आतून भिजू शकते. स्वयंपाक चालू असताना छताचा पंखा आणि एक खिडकी उघडी ठेवणे हा साधा उपाय पुरेसा असतो.

बिछाने नव्हे, पट्टे मोजावेत

जाहिरातीत आठ जणांच्या झोपण्याची सोय लिहिलेली असते. प्रवासात सुरक्षित बसण्याची सोय कदाचित चार जणांचीच असते. आई-वडील, आजी-आजोबा आणि दोन मुले मिळून सहा जण असतील, तर सहा पट्टे हवेत, आणि ते पट्टे केवळ फळीला नव्हे, चॅसिसशी बांधलेल्या सांगाड्याला जोडलेले हवेत. लहान मुलांची आसने पुढे तोंड असलेल्या वाहन-आसनावरच बसवावीत. आडव्या सोफ्यावर किंवा मागे तोंड असलेल्या बाकावर ती सुरक्षित नसतात. वाहन चालू असताना आजीने मागच्या पलंगावर जरा आडवे होणे स्वाभाविक वाटते, पण अचानक ब्रेक लागला तर त्या पलंगावर तिला धरणारे काहीही नसते.

प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने गळलेला वायू जमिनीलगत साठतो, आणि म्हणूनच त्याचा सूचक जमिनीजवळ बसवतात. हा सूचक आणि कार्बन मोनॉक्साइडचा सूचक या दोहोंना मुदत असते. त्यांच्या पाठीवरील तारीख पाहावी आणि जुने असतील तर पहिल्या मुक्कामाआधीच नवे बसवावेत. गॅसच्या नळ्यांची दाबचाचणी जाणकार तंत्रज्ञाकडून करून घ्यावी. भट्टीच्या झरोक्यांत कोळी आणि गांधीलमाश्या घर करतात, तेही साफ करावे. लाल मुठीची खिडकी ही आगीतून सुटण्याची वाट असते. वर्षानुवर्षे न उघडल्याने ती चिकटून बसलेली नाही ना, हे स्वतः उघडून पाहावे.

वजनाकडेही दुर्लक्ष होते. एक गॅलन पाण्याचे वजन सुमारे ८.३ पौंड, ४० गॅलनची भरलेली टाकी म्हणजे ३३० पौंडांहून अधिक. त्यात सहा माणसे आणि महिन्याचा शिधा भरला की चॅसिसची मर्यादा कधी ओलांडली हे कळतही नाही. ट्रक थांब्यांवरील काट्यावर भरलेले वाहन एकदा तोलून घ्यावे.

कागदपत्रे आणि जागा

मालकीपत्र विक्रेत्याच्याच नावावर आहे का, त्यावर कर्जाचा बोजा आहे का आणि वाहन पूर्वी अपघातात किंवा पुरात निकामी ठरले होते का, या तीन प्रश्नांची उत्तरे पैसे देण्यापूर्वी मिळवावीत. सतरा अक्षरांच्या व्हिन क्रमांकावरून एनआयसीबी या विमाक्षेत्रातील संस्थेच्या संकेतस्थळावर चोरीची आणि निकामी ठरल्याची नोंद विनामूल्य पाहता येते. एनएचटीएसए या सरकारी यंत्रणेच्या संकेतस्थळावर परत मागवलेल्या दोषांची माहिती मिळते. मात्र तीन हातांचा हिशेब इथेही विसरू नये. आगीच्या धोक्यामुळे शोषण-फ्रिजांची काही मॉडेले परत मागवली गेली आहेत, आणि ती माहिती फ्रिजच्या स्वतःच्या मॉडेल व अनुक्रमांकावरून वेगळी शोधावी लागते.

एनआरव्हीआयए या संघटनेचे प्रमाणित निरीक्षक शुल्क घेऊन सविस्तर तपासणी करतात. त्यांचा भर घराच्या भागावर अधिक असतो. इंजिन आणि ब्रेक यांसाठी ट्रक मेकॅनिकला वेगळे दाखवणे श्रेयस्कर. दोहोंचा मिळून होणारा खर्च जड वाटला, तरी चुकीच्या सौद्याच्या तुलनेत तो किरकोळच असतो.

वाहन ठेवायचे कुठे, हा प्रश्न खरेदीनंतर सुचतो आणि तेव्हा उशीर झालेला असतो. अनेक उपनगरांतील गृहसंघटना दारात मोटारहोम उभे करू देत नाहीत. मग भाड्याची जागा शोधावी लागते. काही खासगी तळांवर दहा वर्षांपेक्षा जुन्या वाहनांना प्रवेश नसतो, किंवा छायाचित्र मागवून निर्णय घेतला जातो. सरकारी उद्यानांत हा अडसर सहसा येत नाही.

दुरुस्तीचा क्रम

वाहन दारात आले की घरातील मंडळी गाद्यांची कापडे आणि भिंतींचे रंग निवडू लागतात. उत्साह समजण्याजोगा असला, तरी तो आधी कळस मग पाया असा प्रकार होतो. क्रम उलटा हवा. प्रथम पाणी: छताचे सर्व सांधे स्वच्छ करून त्या छताला मानवणाऱ्या सीलंटने नव्याने बुजवावेत. रबरी छतावर पेट्रोलजन्य पदार्थांचे क्लीनर वापरू नयेत, आणि साधे सिलिकॉनही लावू नये. एकदा लावल्यावर त्यावर दुसरा सीलंट धरत नाही. खिडक्या आणि कोपऱ्यांच्या पट्ट्याही याच फेरीत पाहाव्यात. त्यानंतर जीव: टायर, ब्रेक, गॅस आणि सूचक. तिसऱ्या पायरीवर वीज आणि पाणी. विजेचे पुष्कळसे गूढ वाटणारे दोष गंजलेल्या अर्थिंगच्या जोडणीत सापडतात, म्हणून महागडे भाग बदलण्यापूर्वी त्या जोडण्या घासून घट्ट कराव्यात. शिशाच्या बॅटरीऐवजी लिथियम घालायची असेल तर चार्जरही तिला साजेसा लागतो आणि गोठणबिंदूखाली ती चार्ज करता येत नाही. रंग, पडदे आणि गाद्या सर्वांत शेवटी.

कुठले काम स्वतः करावे? सीलंट, पंप, नळ, दिवे आणि सूचक ही कामे शनिवार-रविवारच्या सवडीने जमतात आणि वाहनाची ओळखही करून देतात. गॅस, ब्रेक आणि १२० व्होल्टची वीज मात्र जाणकारांकडेच सोपवावी. काही कार्यशाळा फार जुनी वाहने घेत नाहीत आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडे आठवडेच्या आठवडे थांबावे लागते. घरी येणारा फिरता तंत्रज्ञ हंगामाआधीच गाठून ठेवणे बरे.

कधी परत फिरावे

खरेदीच्या किमतीपलीकडे निदान तिच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर ते वाहन परवडणारे नाही असे मानावे. इंधनाचा हिशेबही करावा: गॅलनला आठ मैल देणारे वाहन हजार मैलांना १२५ गॅलन पेट्रोल पिते. वर्षाकाठी दोन आठवडेच प्रवास होणार असेल, तर विमा, भाड्याची जागा, टायर आणि दुरुस्ती यांची बेरीज करता भाड्याचे मोटारहोम बहुधा स्वस्त पडते. निर्णय काहीही होवो, खरेदीपूर्वी एक आठवडा तसेच वाहन भाड्याने घेऊन सर्वांनी त्यात राहून पाहावे. आजोबांना त्या अरुंद न्हाणीघरात वावरता येते का, वरच्या पलंगाची शिडी कोणाला चढवते, हे कागदावर कळत नाही.

भिंत भुसभुशीत लागली, मालकीपत्रात संदिग्धता दिसली, विक्रेता थंड इंजिन दाखवायला किंवा निरीक्षक आणू द्यायला तयार नसला, तर नमस्कार करून निघावे. तीनशे मैल गाडी हाकून पाहायला गेलो, आता रिकाम्या हाताने कसे परतायचे, हा विचार अनेकांना महागात पडतो. त्या दिवशी वाया गेलेले पेट्रोल शंभर डॉलरांचे असेल; ओल्या भिंतींचे घर कित्येक हजारांचे खड्डे पाडते आणि अखेरीस कोणी फुकटही नेत नाही.

कोरडे कवच, ताजे टायर आणि निर्दोष गॅस या तीन गोष्टी हाती आल्या की बाकीच्या उणिवांशी जुळवून घेता येते. फिकट पडदे, जुनाट नक्षीची फरशी, कुरकुरणारी कपाटे यांनी कोणाचा प्रवास अडत नाही. घर पाहावे बांधून असे आपल्याकडे म्हणतात. चाकांवरचे जुने घर मात्र आधी पाहावे दाबून, हुंगून आणि छतावर चढून.